दहा नंबरची वात

"दार लावून घे आधी," वन्सं मान वर न करता म्हणाल्या.

भावजय दारातच उभी होती. हातात फोन होता आणि कपाळावर आठी. टेबलावर तीन काचेचे ग्लास ओळीने मांडले होते, तिन्हींत मेणबत्त्या जळत होत्या आणि दार उघडल्याबरोबर तिन्ही ज्योती एका बाजूला लवल्या होत्या.

"दाराचं राहू द्या. किती नंबर, तेवढं सांगा. दुकानवाल्या बाई फोनवर आहेत."

"वारा लागला की ज्योत कलते, काच एकाच बाजूने तापते. मग मला काय कळणार?"

"वन्सं, किती नंबर?"

"अगं, दुसराच तास चाललाय अजून."

भावजयीने डोळे मिटून एक सुस्कारा सोडला. मग फोन कानाला लावला आणि तिचा आवाज एकदम साखरेत घोळून बाहेर आला. "हो बाई, झालंच म्हणून समजा. नाही नाही, आमच्याकडे तपासणी अगदी कडक असते. माझ्या नणंदबाई आहेत ना, त्या वातीसमोरून उठतसुद्धा नाहीत." फोन ठेवून ती वन्संकडे वळली. "खरंच उठत नाहीत. एक दिवस मुळं फुटतील खुर्चीला." आणि दार उघडंच टाकून गेली.

वन्सं उठल्या, दार लावलं, ज्योती सरळ होईपर्यंत थांबल्या आणि वहीत लिहिलं, "एक तास पस्तीस मिनिटं. दार उघडलं गेलं. दोन मिनिटं वारा." कोणी उघडलं ते लिहिलं नाही. तपासणीच्या वहीत माणसांच्या तक्रारी लिहायच्या नसतात, हे त्या गिरणीत शिकल्या होत्या.

त्यांना वन्सं म्हणणारी खरं तर जगात एकच बाई होती, धाकट्या भावाची बायको. पण ती ही हाक इतक्या मोठ्याने आणि दिवसातून इतक्या वेळा मारायची, की ऐकून ऐकून शेजारीपाजारी, दूधवाला, पोस्टमन, सगळेच वन्सं म्हणायला लागले. ज्या बाईचं लग्नच झालं नाही ती अशी साऱ्या इमारतीची नणंद होऊन बसली. त्याआधी एकतीस वर्षं त्या सूतगिरणीच्या तपासणी खात्यात होत्या. सुताचा पीळ मोजायचा, ओढून ते किती वजनाला तुटतं ते बघायचं, लॉट पास की नापास ते लिहायचं आणि खाली सही करायची. सही म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर आणि त्याला सुतासारखी लांब शेपटी.

एकदा साहेबांनी कच्च्या पिळाचा एक लॉट त्यांच्यापुढे ढकलला आणि म्हणाले, "करा सही, गाडी खोळंबलीय." वन्सं म्हणाल्या, "सही हवी तर सूत बदला." साहेबांनी टेबल आपटलं, वन्संना उचलून तीन महिने बॉबिन पुसायला बसवलं. वन्संनी तीन महिने बॉबिन पुसल्या, सही काही केली नाही. दुसऱ्याच कोणाच्या सहीने गेलेला तो लॉट जसाच्या तसा परत आला, तेव्हा साहेबांनी निमूटपणे त्यांना जुन्या जागेवर बोलावून घेतलं. आयुष्यात सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट वन्संकडे होती आणि ती त्या फार वेळा सांगत, हा त्यांचा दोष. "सही हवी तर" एवढे शब्द कानावर पडले की भावजय पातेल्यावर झाकण आपटून म्हणायची, "आली बघा गिरणी!"

पुढे गिरणी बंद पडली आणि वन्सं भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला आल्या. भाऊ बारा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा वन्संनीच त्याला वाढवला, शिकवला, त्याच्या परीक्षेच्या दिवसांत स्वतः उपाशी राहून शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. लहानपणी बॉबिनची ती गोष्ट तोच वर्गभर सांगत फिरायचा. "माझ्या ताईने साहेबाला सांगितलं, सूत बदला!" आता तो गोष्ट निघाली की वर्तमानपत्र जरा वर धरायचा.

भावजयीने चार वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात मेणबत्त्या करायला घेतल्या. बाईच्या हातात कला होती, उगाच नावं का ठेवा. कोणत्या रंगात कोणता वास शोभेल, लेबलावर सोनेरी अक्षरं कुठे यावीत, हे तिला कोणी न शिकवता कळत होतं. कळत नव्हती फक्त वात. पहिल्या वर्षी तिच्या निम्म्या मेणबत्त्या स्वतःच्याच मेणात बुडून विझायच्या, उरलेल्या भिंती काळ्या करायच्या. तेव्हा एका दुपारी वन्संनी वातीचा दोरा दोन बोटांत धरून फिरवला आणि म्हणाल्या, "हा सैल विणलाय. मेण वर चढतंय, पण धड जळत नाही." त्या दिवसापासून वाती त्यांच्याकडे आल्या.

मेणबत्ती म्हणजे मेण, असा लोकांचा समज असतो. मेण हे नुसतं ताटातलं वाढलेलं जेवण. जेवणारी वात. वात बारीक असली तर मधल्यामध्ये खड्डा पाडून बुडून मरते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड असली तर अधाशासारखी खाते, टोकावर काजळीचं बोंड येतं, काच तापते. त्यात वासाचं तेल बदललं की वातीची भूक बदलते, रंग बदलला की बदलते, ग्लासचा घेर बोटभर वाढला की पुन्हा पहिल्यापासून. मग एकाच मेणात तीन नंबरांच्या वाती तीन ग्लासांत लावून बसायचं. रोज चार तास जाळायच्या, विझवायच्या, थंड होऊ द्यायच्या, वात कातरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तळाचं मेण संपेपर्यंत नऊ दिवस लागतात. वन्सं नऊ दिवस बसत आणि दर अर्ध्या तासाने लिहीत. वहीसुद्धा त्यांनी स्वतःच शिवलेली होती, मोठे कागद दुमडून, पाठीवर जाड दोऱ्याचे टाके घालून. पानाच्या तळाशी ती शेपटीवाली सही. कोणी मागितली नव्हती, पण त्यांना करावीशी वाटे. साठी उलटलेल्या बाईला रोज सकाळी उठून कुठेतरी वेळेवर हजर व्हायचं आहे, ही काही थोडी चैन नव्हे.

त्या दुपारी टेबलावर सहा, आठ आणि दहा नंबर होते. नवीन ग्लास होता, पातळ काचेचा, नाजूक. दुकानवाल्या बाईंनी दीडशे मेणबत्त्या मागितल्या होत्या आणि आवडल्या तर दर महिन्याला घेणार होत्या. सहा नंबरने संध्याकाळच्या आत मान टाकली. आठ नंबरचं मेण सावकाश वितळत तिसऱ्या तासाला काचेला टेकलं. दहा नंबरने मात्र तासाभरातच वरचं मेण कडेपर्यंत वितळवलं. ज्योत उंच, पिवळीधमक, स्थिर. वास जिन्यापर्यंत गेला.

भावजय चहा घेऊन आली ती दहा नंबरसमोर थबकलीच. "ही! हीच. अहो, वास बघा केवढा सुटलाय. दुकानात पाऊल टाकलं की गिऱ्हाईक खेचलं जाईल."

"ती पहिल्या तासाला गुणी दिसते," वन्सं म्हणाल्या. "आठ घे. दहाने काच आत्ताच चांगली गरम लागतेय. तळाला मेण थोडं राहिलं की ज्योत काचेच्या बुडाशी जाते. तेव्हा काय करते ते बघूया."

"म्हणजे अजून नऊ दिवस."

"आठ. एक झाला."

"मला सोमवारी माल द्यायचाय. आणि दहाचं आख्खं बंडल घरात पडलंय."

"बंडल राहील. पुढे मोठ्या ग्लासला लागेल."

भावजय हसली. तिचं हसू गोड होतं, कोणालाही आवडावं असं. "वन्सं, तुम्ही ना, सुतावरून स्वर्ग गाठता. मेणबत्ती आहे ही, विमान नव्हे." आणि त्याच संध्याकाळी तिने दीडशे ग्लासांत दहा नंबरच्या वाती उभ्या केल्या.

वन्संनी तपासणी थांबवली नाही. ज्या वातीचा निकाल आधीच लागला आहे तिची तपासणी म्हणजे वरात गेल्यावर दारात उभं राहणं, हे त्यांना कळत होतं. पण अर्धवट पान त्यांनी कधी सोडलं नव्हतं. सातव्या दिवसापर्यंत दहा नंबर शहाण्यासारखी जळली. आठव्या दिवशी, तिसरा तास संपता संपता, तळाला बोटभर मेण उरलं असताना, "टक्" असा आवाज झाला. ग्लासच्या बुडापासून वरपर्यंत एक रेघ गेली आणि दुसऱ्या क्षणी काच उकलून उकळतं मेण टेबलभर पसरलं. वन्संच्या तर्जनीचं टोक भाजलं. त्यांनी आधी ज्योत विझवली, मग लिहिलं, "आठवा दिवस, दोन तास पन्नास मिनिटं. काच तडकली. नापास." सही केली. मग बोट पाण्याखाली धरलं.

फुटका ग्लास फडक्यात घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे खोकी बांधायचं काम चाललं होतं. भाऊ दोरीला गाठी मारत होता आणि भावजय लेबलं पुसत होती.

"हे बघ," वन्सं म्हणाल्या. "दहाने काच तोडली."

भावजयीने ग्लासकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, तिला न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. भावानेही बघितलं. दोरी त्याच्या हातात तशीच राहिली.

"ओल्या टेबलावर ठेवला असेल," भावजय म्हणाली.

"कोरडं होतं."

"मग वारा लागला असेल. तुमचं ते दार."

"दार बंद होतं. अगं, कोणाच्या घरी असं झालं तर? दीडशे आहेत. पाच दिवस दे मला, आठ नंबरच्या वाती घालून सगळं मेण पुन्हा ओतू. मी ओतते, तू हात लावू नकोस."

"पाच दिवसांत दुकानवाल्या बाई दुसरीकडे जातील, त्याचं काय? आणि लोक मेणबत्ती तळापर्यंत कुठे जाळतात? अर्धी झाली की कंटाळतात, टाकून देतात." लेबल पुसायचं फडकं तिने झटकलं. "गिरणी बंद पडली, वन्सं. आता तुम्हीही व्हा की बंद."

भावाच्या तोंडून एक हसू निसटलं. त्याने ते लगेच गिळलं, पण निसटलं होतं. वन्संना भाजलेल्या बोटापेक्षा ते जास्त झोंबलं.

"तू काही बोलणार नाहीस का रे?" त्यांनी विचारलं.

"ताई, तिचा धंदा आहे," भाऊ गाठ आवळत म्हणाला. "तिला कळतं."

खोकी निघाली तेव्हा भावाचे दोन्ही हात भरलेले होते. दार धरायला कोणी नव्हतं. वन्संनी दार धरलं. सहा खोकी होती, सहाही वेळा त्यांनी दार धरलं.

तीन आठवड्यांनी फोन वाजला. भावजय बोलता बोलता बाल्कनीत गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. एका गिऱ्हाइकाच्या घरी ग्लास फुटला होता. शिवणकाम करणारी एक म्हातारी, एकटी राहणारी. तिने मेणबत्ती उचलून बाजूला ठेवायला हात लावला आणि नेमकी तेव्हाच काच उकलली. दुकानवाल्या बाई चार वाजता घरी येणार होत्या आणि त्यांना तपासणीची वही बघायची होती. त्या वहीचं कौतुक भावजयीनेच त्यांना दहा वेळा ऐकवलं होतं. आपलीच काठी आपल्याच पाठीत बसायची ती अशी.

दुपारी एकच्या सुमारास भाऊ मागच्या खोलीत आला. तो त्या खोलीत सहसा येत नसे. आला आणि कॉटच्या कडेला बसला, लहानपणी मार्कांचं पत्रक लपवून बसायचा तसा.

"ताई, ते पान बदलता येईल ना?"

वन्संनी वही जवळ ओढली.

"म्हणजे दहा नंबरचं पान. वही तूच शिवलीयस, तुला जमेल. दहा नंबर योग्य, एवढं लिहायचं. मग झालं ते तपासणीत चुकलं म्हणून झालं, मुद्दाम कोणी केलं नाही असं होईल."

"तपासणीत म्हणजे माझ्याकडून."

"तिचं नाव लेबलावर आहे, ताई. ते एकदा गेलं की गेलं." तो थांबला आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुझं नाव कुठे आहे? तुला कोण ओळखतं? तुझं काय जाणार आहे?"

त्याने हे दुष्टपणाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो अगदी मनापासून बोलला, हिशेबाचं सोपं गणित सांगावं तसा.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

भाऊ खिडकीकडे बघू लागला. "ती म्हणत होती, मालाला जागा कमी पडते. ही खोली गोदामाला बरी पडेल. मी तिला म्हटलं, असं नको बोलूस. पण मी तरी किती वेळा बोलणार?"

वन्सं बराच वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिल्या. मागे टक्कल पडायला लागलं होतं. याच डोक्याला तेल लावून, भांग पाडून त्यांनी त्याला शाळेत धाडलं होतं आणि तिथे जाऊन तो सांगायचा, माझ्या ताईने साहेबाला सांगितलं.

"कात्री दे ती," त्या म्हणाल्या.

त्यांनी वहीच्या पाठीचे टाके एकेक करून उसवले. पान काढलं, त्याच मापाचा कागद दुमडून बसवला आणि जुन्याच भोकांतून दोरा ओवून पुन्हा शिवला. काम इतकं सफाईचं झालं की भाऊ "वा!" म्हणून गेला. मग त्यांनी लिहिलं. नऊ दिवस, रोजचे चार तास, दर अर्ध्या तासाची नोंद. खोटं लिहायचं तरी वन्संना घाईत लिहिता येईना. नवव्या दिवशी लिहिलं, "काच कोमट. दहा नंबर योग्य." मोकळी राहिली ती तळाची ओळ. तिथे सही केली नाही. कागद काय, कागदावर जे लिहाल ते तो बोलतो. पण सही आपली असते. ती आपण केली नाही, एवढं तरी आपल्यापाशी राहील, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी वही मिटली. खरं पान भावाने घडी घालून खिशात टाकलं.

दुकानवाल्या बाई बरोबर चारला आल्या. उंच, शांत, चष्म्याला साखळी लावलेल्या. त्यांनी पर्समधून कागदात गुंडाळलेली काच काढून टेबलावर ठेवली. बुडापासून वरपर्यंत एक सरळ रेघ. वन्संनी ती रेघ लगेच ओळखली.

भावजय आधी रडली. तिला रडता छान येत असे. "काय सांगू तुम्हाला बाई, मला तर कळल्यापासून घास उतरला नाही. विश्वासाने घरच्याच माणसाला काम दिलं. मोठ्या आहेत, त्यांच्या वहीवर मी संशय कसा घेणार? त्यांनी दहा सांगितलं, मी दहा घातलं."

दुकानवाल्या बाईंनी वन्संकडे बघितलं. "तुम्ही सांगितलंत?"

भाऊ भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. वन्सं म्हणाल्या, "वहीत आहे."

बाईंनी वही उघडली. चष्मा लावून त्या दहा नंबरचं पान वरपासून खालपर्यंत वाचत गेल्या. मग मागची पानं उलटली, पुढची उलटली, पुन्हा त्या पानावर आल्या.

"बाकी सगळ्या पानांवर सही आहे," त्या म्हणाल्या. "याच्यावर नाही."

भावजयीचं रडणं मध्येच थांबलं.

"मी मुद्दाम विचारतेय," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "मला तपासून काम करणारी माणसं आवडतात, म्हणून तर मी तुमच्याकडे आले होते. इतक्या वर्षांच्या पानांवर सही आहे आणि नेमकी याच पानावर नाही. का?"

वन्संना वाटलं, ही बाई आणखी एक प्रश्न विचारेल तर आपण सांगून टाकू. एकच. त्या वाट बघत राहिल्या.

"विसरल्या असतील हो!" भावजय पुढे झाली. "वय झालंय. चष्मा कुठे ठेवला तेही विसरतात. वन्सं, करा बरं सही. आत्ता करा, त्यांच्यासमोर." आणि तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. भावाने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ताईपुढे धरलं. त्याच खिशात खरं पान होतं, घडीचा पांढरा कोपरा वर दिसत होता.

"हात कोणता भाजला त्या शिवणाऱ्या बाईंचा?" वन्संनी विचारलं.

"आता विचारताय?" दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "उजवा. पंजा आणि तीन बोटं. शिवणकामावर पोट आहे त्यांचं. डॉक्टर म्हणतात, सुई धरता येईल की नाही सांगता येत नाही."

वन्संना ती सहा खोकी आठवली आणि आपण धरून ठेवलेलं दार. साहेबाला सूत बदला म्हणणारी बाई त्या दिवशी दार धरून उभी होती. दुकानाचा फोन नंबर खोक्यावरच लिहिलेला होता. तीन आठवडे होते त्यांच्यापाशी, एक फोन करायला. भावजयीची भीती, भावाची भीड, खोलीची काळजी, कारणं काय हवी तेवढी निघाली असती. फोन केला नव्हता, हे खरं. म्हणजे हे पान खोटं असलं तरी सही अगदीच खोटी ठरणार नव्हती. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. अक्षर तसंच आलं आणि शेपटीही तशीच लांब आली.

बाईंनी ती मागच्या पानावरच्या सहीशी ताडून बघितली. "हो, यांचीच आहे." वही मिटून त्यांनी पर्समध्ये ठेवली. "ही मी नेते. त्या आजींचा मुलगा विचारायला आला तर मला काहीतरी दाखवावं लागेल. उरलेल्या मेणबत्त्या उद्या परत पाठवते. काम मी बंद करत नाही. तुमचा माल चांगला आहे." हे त्या भावजयीला म्हणाल्या. मग वन्संकडे न बघता, "पण यांना बसवू नका पुन्हा."

"छे छे!" भावजय म्हणाली. "आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशी खोकी परत आली. स्वयंपाकघरात नवीन कामाचं सामान पडलेलं, बाल्कनीत ऊन. म्हणून ती मागच्या खोलीत आणायचं ठरलं. वातीवाल्याने छापील तक्ता पाठवला होता, कोणत्या घेराच्या ग्लासला कोणता नंबर, तो भावजयीने फ्रिजवर चिकटवला. "बघा, एवढंच तर होतं," ती म्हणाली. "आणि आपण नऊ नऊ दिवस घालवत होतो." या नवीन पातळ ग्लाससमोर तक्त्यात आठ लिहिलं होतं. ते तिने वाचलं आणि तिथे एक सुंदरसा चुंबक लावून टाकला.

टेबल खोक्यांसाठी बाहेर गेलं. वन्संकडे कॉट आणि खुर्ची राहिली. जेवण झाल्यावर भावजय दारात डोकावली. "या काही विकता यायच्या नाहीत. वाया घालवण्यापेक्षा तुम्ही लावत जा रोज एक. नाहीतरी तुम्हाला बघत बसायला आवडतं." ती हे चेष्टेने म्हणाली की सहज, हे तिचं तिलाही ठाऊक नसावं.

वन्संनी एक लावली. खुर्चीवर बशी, बशीत ग्लास, आणि त्या कॉटवर समोर बसल्या. तासाभरात वरचं मेण कडेपर्यंत वितळलं. ज्योत उंच, पिवळीधमक, स्थिर. वासही सुटला, भावजयीच्या हातचा, छान. त्यांनी मधूनमधून काचेला बोट लावलं. भाजलेली तर्जनी अजून बधिर होती, म्हणून मधलं बोट लावलं.

दुसरा तास उलटून गेल्यावर दार ढकलून भाऊ शेवटचं खोकं घेऊन आत आला. ज्योत एका बाजूला लवली. त्याने खोकं कॉटच्या उशाशी रचलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला.

"दार लावून घे," वन्सं म्हणाल्या.

तो बाहेर गेला आणि दार त्याने बाहेरून ओढून घेतलं. ज्योत सरळ झाली. वन्संनी घड्याळात बघितलं, काचेला बोट टेकवलं आणि वही घ्यायला उशाशी हात नेला. हाताला खोकं लागलं.